मन कोरडं असताना केलेली स्तुती खरी की नुसती तोंडाची?

तापीकाठची | रविवार, रात्री ९:४२

सगळ्यांना प्रभूत सलाम. वाचते रोज, लिहिते कधीतरी. पण आज दुपारपासून डोक्यात भुंगा लागलाय, तो इथं सोडून देते.

आमच्या चर्चमध्ये गेल्या वर्षापासून उपासनेच्या आधी अर्धा तास स्तुती-आराधना असते. पोरं छान वाजवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज पुढं गाणारा मुलगा मधेच थांबून म्हणाला, "जे मनापासून स्तुती करताहेत त्यांनी हात वर करा, ज्यांचे खाली आहेत त्यांनी स्वतःला विचारा का खाली आहेत." माझे खाली होते. एका हातात पर्स आणि दुसऱ्यात सासूबाईंचा चष्मा. पण खरं सांगू का, हात मोकळे असते तरी वर गेले नसते.

वडील जाऊन आठ महिने झाले. आमच्या घरात गाणारे तेच. पहाटे धारा काढताना गायचे, आणि आई म्हणायची की गाणं सुरू झाल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडत नाही. ते गेल्यापासून माझ्या तोंडातून गाणं निघत नाही. शब्द सगळे पाठ आहेत, ओठ हलतात, आत काहीच हलत नाही. आज तर दुसऱ्या कडव्यात मी पहिल्या वेचणीचा कापूस आत्ता द्यावा की दिवाळीनंतर याचा हिशेब करत होते, आणि तोंडाने हालेलुया चालूच.

तर प्रश्न असा की मन नसताना ओठांनी केलेली स्तुती म्हणजे ढोंगच ना? येशूने परुशांना, म्हणजे त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, यशया संदेष्ट्याचं वचन ऐकवलंच आहे, हे लोक ओठांनी मान देतात पण अंतःकरण दूर आहे म्हणून. मग मी गप्प बसावं का? आणि गप्प बसले तर ती स्तुती मोजली जाते का? प्लीज उपदेश नको, तुमचं काय होतं ते सांगा.


कीबोर्डवाला_जळगाव | रविवार, रात्री १०:०५

ताई आधी सॉरी, कारण मी पण त्याच पुढच्या गँगमधला. तुमचं चर्च नाही पण हे वाक्य मी पण म्हटलेलं आहे, दोनदा. आता आतली गोष्ट सांगतो. समोर दीडशे माणसं पुतळ्यासारखी उभी असली ना की पुढच्याला घाम फुटतो, वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, मग तो हात वर करा, टाळ्या वाजवा, शेजाऱ्याला सांगा असं सुरू करतो. त्यात आध्यात्मिक काही नसतं, भीती असते.

आणि तुमच्या कापसाच्या हिशेबाचं म्हणाल तर मी गाताना पुढच्या कॉर्डचा विचार करत असतो. नव्वद टक्के वेळ. उरलेला वेळ ड्रमवाला का धावतोय याचा.


भरताची_वांगी | रविवार, रात्री १०:११

आमच्याकडे हात वर केले तर पंखा लागतो. त्यामुळे सगळे नम्र.


भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री १०:४८

रेल्वेत ३४ वर्षं काढली, आवाजाची सवय आहे, तरी आजकालची उपासना मला झेपत नाही. आमच्या वेळी पेटी, तबला आणि एक झांज. मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर पारा, चर्चमध्ये दोन पंखे, त्यातला एक नुसता फिरायचा, वारा कोणालाच नाही. तरी लोक "उपासना संगीत" उघडून सहा-सहा कडवी शांतपणे गायचे. कोणी हात वर करत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

एलीया संदेष्ट्याला डोंगरावर देव वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. शेवटी मंद वाणी आली. १ राजे १९ काढून वाचा. त्या वेळी तिथं ड्रमसेट असता तर ती वाणी ऐकू आली असती का, मले त नाही वाटत भाऊ.

तापीकाठची ताई, तुम्ही खुशाल गप्प उभ्या राहा.


कीबोर्डवाला_जळगाव | रविवार, रात्री १०:५६

काका स्तोत्र १५० पण काढून वाचा की. कर्णा, सतार, वीणा, डफ, तंतुवाद्ये, आणि झांजा तर दोनदा, एकदा साध्या आणि एकदा मोठ्या आवाजाच्या. स्तोत्रसंहितेचा शेवटच त्यावर केलाय.


भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री ११:०२

त्यात पंधराशे वॅटचा स्पीकर लिहिलेला नाही.


माय_नवापूरची | सोमवार, सकाळी ६:२०

नाईट ड्यूटी संपवून वाचतेय, चुका माफ.

भुसावळचे काका, तुमचं तुमच्या ठिकाणी बरोबर असेल. आमच्या भागात नंदुरबार-नवापूरकडे शंभर वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, त्यांनी आपल्या देशातल्या चाली आणल्या, आमच्या आजी-आजोबांनी त्या गायल्या पण खुर्चीत बसून गाताना त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं असं आजी सांगायची. नंतर आमच्या मावची बोलीत गाणी आली, ढोल आला, मग मंडळी उठली. आमच्याकडे कापणीच्या सणाला बाया फेर धरतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून, तासभर. धान्याची टोपली मधे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं पण दीडदोनशे गाणी पाठ होती, ती म्हणायची पाय आधी जातात, मन मागून चालत येतं, लहान लेकरासारखं.

दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशासमोर, त्या पवित्र पेटीसमोर, नाचला तेव्हा त्याच्या बायकोने, मीखलने, खिडकीतून बघून मनात त्याचा तिरस्कार केला. ती गप्प उभी होती. म्हणजे गप्प उभं राहणं म्हणजे आपोआप आतली आराधना असं काही नाही.

पण उलटं पण आहे. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती, फक्त ओठ हलत होते, आवाज नाही, तर एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीय. आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, येशूचे शिष्य मोठ्याने बोलायला लागले तेव्हाही बघणारे म्हणाले नवा द्राक्षारस प्यायलेत. गप्प राहा नाहीतर ओरडा, बाहेरच्याला पिलेलेच दिसता. 😄

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं.


संशयी_धुळेकर | सोमवार, सकाळी ९:१५

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून कडू मी लिहितो. ढोंग असतं. भरपूर असतं. मी ज्या मंडळीत वाढलो तिथं सगळ्यात उंच हात ज्यांचे असायचे त्यांनीच सख्ख्या भावाच्या विधवेला घरातून काढलं, आणि पुढच्या रविवारी परत पहिल्या बाकावर डोळे मिटून. तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसतो, दाराजवळ.

आमोस ५ मध्ये देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या वीणांचं वादन मी ऐकणार नाही, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. म्हणजे देवाचं म्हणणं सूर बरोबर लागला का असं नाही, घरी जाऊन काय करता असं आहे. हात वर करायचे ते करा हो, पण आधी त्या हातांनी काय केलंय ते बघा.

तापीकाठची यांचं ढोंग नाही. ढोंगी माणसाला हा प्रश्न पडत नाही, त्याला झोप लागते.


शाळामास्तर_चोपडा | सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय म्हणून तुटक होईल.

मूळ प्रश्नात दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात असं मला वाटतं. येशूने परुशांना जे ऐकवलं ते मत्तय १५ मध्ये आहे, पण प्रसंग काय आहे ते बघा. आईबापाला द्यायचं ते "देवाला अर्पण केलं" असं म्हणून चुकवायचं, आणि वर सन्मानाच्या गोष्टी. म्हणजे धुळेकर म्हणतात तसलाच प्रकार. दुःखामुळे ज्याचं मन सुकलंय त्याला उद्देशून ते नाहीच. मन लपवणारा वेगळा आणि मन सापडत नाही म्हणणारा वेगळा.

दुसरं. आपण ज्याला स्तोत्रसंहिता म्हणतो त्याचं हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे "स्तवनं". आणि या स्तवनांच्या पुस्तकात स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार. शेवटी "तरीही मी स्तुती करीन" वगैरे काही नाही. ते कोणी काढून टाकलं नाही, स्तवनांमध्येच ठेवलं.

स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये एकच ओळ तीनदा येते, माझ्या जिवा तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याचं गुणगान गाईन. "गाईन" म्हणतो, "गातो" नाही. आज गात नाहीये हे कबूल करून पुढच्या तारखेचा चेक दिलाय असं समजा.

आणि हालेलुया हा शब्द खरं तर आज्ञा आहे, अनेकवचनी, "तुम्ही सगळे याहची, म्हणजे परमेश्वराची, स्तुती करा". म्हणजे तो म्हणणारा स्वतःला कसं वाटतंय याचा रिपोर्ट देत नसतो, शेजारच्यांना हाक मारत असतो. तुम्ही कापसाचा हिशेब करत हालेलुया म्हणालात तेव्हाही शेजारच्या बाकावर कोणाला तरी हाक गेली असेल.

घंटा झाली.


भरताची_वांगी | सोमवार, दुपारी १:४४

मास्तर तुमच्या शाळेत यायला पाहिजे होतं. आमचे मास्तर नुसते कान धरायचे.


मेणबत्तीवाली | सोमवार, संध्याकाळी ७:५०

मी कॅथलिक, त्यामुळे थोडी बाहेरची आणि थोडी घरची. आमच्याकडे महिन्यातून एकदा साक्रामेंताची आराधना असते, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर बसायचं, एक तास, बहुतेक वेळ पूर्ण शांतता. पहिली पंधरा मिनिटं मन बाजारात फिरून येतं. डाळ भिजवली का, गॅस बंद केला का, ती पुढं बसलेली बाई कुठल्या दुकानातून साडी घेते. नंतर कधीतरी पाच मिनिटं असं होतं की काही मागायचं नसतं आणि काही सांगायचं नसतं, नुसतं समोर बसलेलं असायचं. मग परत डाळ. ती पाच मिनिटं मिळतील म्हणून मी तासभर बसते. आणि कित्येकदा मिळत पण नाहीत.

सतराव्या शतकात पॅरिसला कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा भाऊ होता, १६९१ ला वारला. स्वयंपाकघरात कामाला. तो म्हणायचा की प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ माझ्यासाठी वेगळी नाही. मला तो फार आवडतो कारण त्याला सुरुवातीला स्वयंपाकघर अजिबात आवडत नव्हतं.

गाण्याबद्दल पण एक आहे. संत ऑगस्टीन म्हणून जुन्या काळचा एक बिशप, त्याला भीती वाटायची की गाण्यातल्या अर्थापेक्षा चालच जास्त मन हलवते, आणि तसं झालं की आपण चुकलो असं त्याला वाटायचं. सोळाशे वर्षं झाली, अजून तोच वाद चालू आहे, फक्त आता स्पीकर आले. भुसावळच्या काकांना एकदम बिशप भेटला बघा बाजूने.


भुसावळ_जंक्शन | सोमवार, रात्री ८:१२

बिशप आपल्या बाजूने हे बघून बरं वाटलं. प्रिंट काढून पाळकसाहेबांना देतो.


मेणबत्तीवाली | सोमवार, रात्री ८:२०

काका पूर्ण ऐका, शेवटी त्याने चर्चमधलं गाणं चांगलंच असं मान्य केलं. 😊


प्रोजेक्टर_ऑपरेटर | सोमवार, रात्री ९:०३

विषयांतर आहे पण राहवत नाही. स्तुतीचे शब्द पडद्यावर टाकायचं काम माझं. गेल्या नाताळात घाईत टाइप केलं आणि अख्ख्या मंडळीने तीन वेळा गायलं, "या प्रभूची सुस्ती करू या". कोणी थांबलं नाही. पाळकसाहेब सुद्धा गात होते. एका चौथीतल्या पोरीने उपासना संपल्यावर येऊन विचारलं, काका सुस्ती म्हणजे काय.

आता मला सांगा ती स्तुती पोचली का नाही.


कीबोर्डवाला_जळगाव | सोमवार, रात्री ९:०६

दुपारी जेवणानंतर पोचली असेल.


संशयी_धुळेकर | सोमवार, रात्री ९:१०

आमच्या मंडळीत वर्षभर तीच चालू आहे.


वारीचा_वाटसरू | सोमवार, रात्री ११:३०

मी ख्रिस्ती नाही, मुक्ताईनगरचा वारकरी घरातला. धागा वाचत होतो, राहवलं नाही. आमच्यात पण हाच वाद आहे. भजनात टाळ कुटणारा मोठा की घरी नाम घेणारा. आमचे जुने लोक वाणीचे चार प्रकार सांगायचे, वैखरी, मध्यमा, पश्यंती, परा. तोंडाने घेतलेलं नाम हळूहळू कंठात उतरतं, मग हृदयात, मग असं आत जातं की घेणाऱ्याला पण कळत नाही. पण सुरुवात तोंडापासूनच, म्हणून मन लागो न लागो नाम घे म्हणतात. ताईंनी गप्प बसू नये असं माझं मत. चुकलं तर सांगा.


शाळामास्तर_चोपडा | मंगळवार, सकाळी ७:०५

वाटसरू, चुकलं काही नाही, उलट फार चांगलं आलंत. मराठी ख्रिस्ती लोकांना तुमचं घर परकं नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, १९१९ ला गेले, तेवढ्या काळात त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं चर्चमध्ये आणून ठेवलं. आजही आमच्याकडे म्हातारी माणसं पाश्चात्य चालीवर ताठ उभी राहतात आणि टिळकांच्या भजनाला मांडीवर ताल धरतात. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तर १६१६ चं, ओव्यांमध्ये.

पण एक फरक सांगतो, वाद म्हणून नाही. आमच्याकडे स्तुतीचा जोर नामाच्या शक्तीवर किंवा मनाच्या पायऱ्यांवर तितका नसतो, कोणीतरी काहीतरी केलंय त्याची आठवण काढण्यावर असतो. इस्राएल लोक गाताना काय गातात तर मिसरातून बाहेर काढलं, समुद्र दुभंगला. आम्ही काय गातो तर क्रूस आणि रिकामी कबर. स्तोत्र १०३ मध्ये दावीद स्वतःच्याच जिवाला सांगतो की त्याचे उपकार विसरू नकोस, आणि मग एकेक मोजतो. म्हणजे मन तयार नाही हे गृहीत धरूनच तो सुरू करतो. ज्याचं मन आधीच भरलेलं आहे त्याला विसरू नको म्हणून कशाला सांगावं लागेल?

म्हणून मला वाटतं की आतली आराधना म्हणजे आत काहीतरी वाटणं नव्हे. शोमरोनी बाईला विहिरीवर येशू म्हणाला, खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील. खरेपणाने म्हटलंय, उत्साहाने नाही. तापीकाठची ताई कोरडी आहे आणि कोरडी आहे म्हणून सांगतेय, यात खरेपणा आला.


माय_नवापूरची | मंगळवार, सकाळी ७:४०

मास्तर ती बाई पण विहिरीवरच भेटली बघा. आणि आपल्या ताई म्हणतात आत काही हलत नाही. विहीर कोरडी म्हणून घागर फेकून देत नाहीत आमच्याकडे, मे महिन्यात झिऱ्याजवळ रात्रभर बसतात, वाटी-वाटीने भरतात.


कापूस_ते_कापूस | मंगळवार, रात्री ९:५५

मी लिहिणारा माणूस नाही, बायको म्हणाली तुमची गोष्ट सांगा म्हणून सांगतो.

२०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमचा सात एकर कापूस होता, चोपडा-यावलच्या मधल्या पट्ट्यात. बाहेरून बोंड मस्त हिरवं, फोडलं की आत अळी, कापूस पिवळा पडलेला, सरकी खाल्लेली. पहिली वेचणी झाली ती झाली, पुढं मजूर लावणं परवडेना, मजुरी जास्त आणि माल कवडीचा. डिसेंबरात उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. त्याच आठवड्यात कापणीच्या सणाचं दान आणायचं होतं, आमच्याकडे तो उशिरा असतो. मी बापाला म्हटलं मी येत नाही, काय घेऊन येऊ, अळी? आणि गाणं तर मुळीच म्हणणार नाही. आमचा बाप अमळनेरकडचा, अहिराणी बोलायचा. म्हणे, "गाता नही येत ते नुसता उभा ऱ्हाय, देवले समजस."

तर गेलो आणि उभा राहिलो. दानात ती पिवळी पडलेली पाच-सहा बोंडं रुमालात बांधून ठेवली. रागाने ठेवली खरं तर. देवाला दाखवायला की बघ. पाळक आले, रुमाल उघडला, कोणी काही बोललं नाही. त्यांनी हबक्कूक तीनमधलं वाचलं, अंजिराला फुलं नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. वाचताना त्यांचाच आवाज बसला. कारण त्यांच्या भावाची पण तीन एकर होती. मी नाही गायलो त्या दिवशी. पुढच्या दिवशी पण नाही. किती दिवसांनी गायला लागलो ते आठवत नाही. तारीख वगैरे काही नाही त्याला.

ताई कापूस दिवाळीनंतर द्या. हे मात्र अनुभवाने सांगतो. घरात कोरडी जागा असेल तरच.


भरताची_वांगी | मंगळवार, रात्री १०:१५

आज काही विनोद सुचत नाही.


संशयी_धुळेकर | मंगळवार, रात्री १०:३०

कापूसवाले भाऊ, मी तुमच्या चर्चला एकदा येईन. मागच्या बाकावर जागा ठेवा.


कीबोर्डवाला_जळगाव | बुधवार, सकाळी ८:५०

काल रात्री हे वाचून झोप नाही लागली. आम्ही शनिवारी प्रॅक्टिसला बसतो तेव्हा गाणी निवडताना सगळी आनंदाचीच निवडतो. फास्ट, मिडियम, मग एक स्लो, मग परत फास्ट. स्तोत्र ८८ ला चाल लावायचा विचार पण कधी डोक्यात आला नाही. समोर सात एकर नांगरून आलेला माणूस उभा असेल तर त्याने काय गायचं? या शनिवारी बोलतो सगळ्यांशी. ड्रमवाला नाही म्हणेल.

आणि मास्तर, ते "सेला" म्हणजे काय असतं? स्तोत्रात मधे मधे लिहिलेलं असतं ते.


शाळामास्तर_चोपडा | बुधवार, दुपारी १:३५

सगळ्या बायबलात मिळून ७४ वेळा येतो, ७१ स्तोत्रांत आणि ३ वर कापूसवाल्यांनी सांगितलेल्या हबक्कूकच्या त्याच तिसऱ्या अध्यायात. नक्की अर्थ विद्वानांना पण लागलेला नाही. पुष्कळ जण म्हणतात थांबण्याची खूण असावी, काही म्हणतात आवाज चढवायची किंवा वाद्यं वाजवायची.


भुसावळ_जंक्शन | बुधवार, दुपारी १:४९

थांबण्याचीच असणार. आउटर सिग्नल.


कीबोर्डवाला_जळगाव | बुधवार, दुपारी १:५२

चढवण्याचीच.


माय_नवापूरची | बुधवार, दुपारी २:१०

तुम्हा दोघांना एका बाकावर बसवून मधे मी बसते.

एक राहिलं होतं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला आध्यात्मिक जागृती झाली तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या, असा आवाज की बाहेरच्यांना विचित्र वाटायचं. आणि त्याच रमाबाई वर्षानुवर्षं शांत बसून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून. ते १९२४ ला छापून पूर्ण झालं तेव्हा त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. एकाच आवारात दोन्ही. मला नर्स म्हणून असं दिसतं की लेबर रूममध्ये कोणी ओरडतं, कोणी दात आवळून गप्प असतं, लेकरू दोघींचंही येतं.


मॉडरेटर | बुधवार, दुपारी ३:००

धागा छान चाललाय. दोन प्रतिसाद उडवलेत, एकात कापसाच्या व्यापाऱ्याचा नंबर होता आणि एकात कळण्याच्या भाकरीची ऑर्डर. खाद्यपदार्थांचा विभाग वेगळा आहे.


तापीकाठची | पुढचा रविवार, रात्री ९:१५

सगळं वाचलं, दोनदोनदा. उत्तर द्यायला आठवडा घेतला त्याबद्दल माफी. कापूसवाले भाऊ, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

आज चर्चला गेले. हात खालीच होते. तो मुलगा आज काही बोलला नाही, पण एक बघितलं जे मागच्या वेळी दिसलं नव्हतं, माईक धरलेला त्याचा हात थरथरत होता. कीबोर्डवाल्या भावाने भीतीचं लिहिलं नसतं तर आजही दिसलं नसतं. मी नेहमीसारखे ओठ हलवले. कापसाचा हिशेब आला नाही, दुसरा कसला तरी आला, मुलीच्या फीचा.

पण लिहायचं कारण वेगळंच. गुरुवारी संध्याकाळी मिक्सरवर दाण्याची चटणी काढत होते. मुलगी सहावीत आहे, ओट्याजवळ अभ्यास करत बसते. मी मिक्सर बंद केला तर म्हणाली, "आई थांबू नकोस ना." म्हटलं काय? म्हणाली, "तू मिक्सर लावलास की गातेस आणि बंद केलास की थांबतेस. रोज." मी म्हटलं काहीतरी काय सांगतेस, मी कुठं गाते. तर तिने गुणगुणून दाखवलं. वडिलांची ती धारा काढतानाची चाल. शब्द चुकीचे होते तिचे, मिक्सरच्या आवाजात अर्धेच ऐकलेले, पण चाल पूर्ण होती, शेवटची ती वर जाणारी तान पण, जी ते म्हैस पाय हलवायला लागली की घ्यायचे.

मला खरंच माहीत नव्हतं. किती महिने चाललंय विचारलं तर म्हणाली आजोबा गेले तेव्हापासून.

मग मी परत मिक्सर लावला. चटणी पार पीठ झाली.


मेणबत्तीवाली | पुढचा रविवार, रात्री ९:२८

ताई...


वारीचा_वाटसरू | पुढचा रविवार, रात्री ९:४०

घेणाऱ्याला पण कळत नाही म्हटलं होतं मी. पण मिक्सरचं आमच्या जुन्या लोकांनी सांगितलं नव्हतं.


भुसावळ_जंक्शन | पुढचा रविवार, रात्री ९:५५

वाचून मी पण जरा वेळ फोन बाजूला ठेवला होता. आता एवढंच की आवाजाच्या विरोधात आठवडाभर मी भांडलो आणि शेवटी गाणं निघालं ते मिक्सरच्या घरघरीत. ७५० वॅट तरी असेल.


कीबोर्डवाला_जळगाव | पुढचा रविवार, रात्री १०:०१

काका या रविवारी आमच्याकडे या. तुमच्यासाठी ड्रमवर पंचा टाकून ठेवतो.